लहान अणुभट्टीचं रिंगण कुणी आखायचं?

पंचगंगेच्या काठच्या माणसाला निळी रेषा आणि लाल रेषा समजावून सांगावी लागत नाही. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथवर पोचतं ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटी घालून परवानगी. कागदावर नियम चोख आहे. प्रत्यक्षात रेषेच्या आत भराव पडतो, त्यावर प्लॉट पडतात, घरं होतात आणि मग रेषाच चुकली आहे, फेरसर्वेक्षण करा, अशी मागणी येते. २०१९ आणि २०२१ मध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट आहे. ज्यांनी भराव टाकले त्यांच्या घरात पाणी शिरलं असेल-नसेल, पण ज्यांनी काहीच केलं नव्हतं अशा हजारोंच्या घरात शिरलं.

लहान अणुभट्ट्यांभोवती किती जागा मोकळी ठेवायची, या प्रश्नाकडे मी याच अनुभवातून पाहतो. कोल्हापूर जिल्ह्यातली एखादी जागा ठरली आहे म्हणून हे लिहीत नाही. पण नियम आत्ता घडत आहेत, आणि जागा ठरल्यावर नियमांवर बोलण्याला अर्थ उरत नाही.

फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारनं अणुऊर्जा मिशन जाहीर केलं. लहान अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २०,००० कोटी रुपये, २०३३ पर्यंत देशी बनावटीच्या किमान ५ भट्ट्या चालू करायच्या आणि २०४७ पर्यंत अणुवीज १०० गिगावॅटवर न्यायची, असं उद्दिष्ट आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र २०० आणि ५५ मेगावॅटच्या रचनांवर काम करतं आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलेल्या २२० मेगावॅटच्या जड पाण्याच्या भट्ट्या ‘भारत स्मॉल रिअॅक्टर’ या नावानं उद्योगांना स्वतःच्या वापरासाठी उभारता याव्यात, अशी योजना आहे. एप्रिल २०२५ मध्ये महानिर्मितीनं रशियाच्या रोसॅटम या सरकारी अणुकंपनीबरोबर थोरियमवर चालणाऱ्या लहान भट्टीसाठी सामंजस्य करार केला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं मंजूर केलेल्या ‘शांती’ कायद्यानं खासगी कंपन्यांना या क्षेत्रात वाट मोकळी केली. कोल्हापूरला याचं आकर्षण वाटलं तर नवल नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले इथल्या फाउंड्र्यांच्या, विजेवर धातू वितळवणाऱ्या इंडक्शन फर्नेसना अखंड वीज लागते, इचलकरंजीच्या मागांनाही लागते, आणि शेजारच्या कर्नाटकापेक्षा इथली वीज महाग पडते ही उद्योजकांची जुनी तक्रार आहे.

मी अणुविजेच्या विरोधात नाही. कोळशाची राख आणि धूर यांच्या तुलनेत तिचा हिशेब अनेक बाबतींत उजवा आहे असं मला वाटतं. माझं म्हणणं एवढंच आहे की भट्टी लहान झाली म्हणून तिच्या कुंपणाच्या आतली जमीन कमी लागेल हे पटण्यासारखं आहे, मात्र त्याच कारणानं कुंपणाबाहेरची जबाबदारीही कमी झाली असं धरून चालणं धोक्याचं आहे. आणि सध्या या दोन गोष्टी एकाच दमात बोलल्या जात आहेत.

आपल्याकडे अणुवीज केंद्राभोवती तीन रिंगणं असतात. पहिलं वर्जित क्षेत्र. तिथं कुणी राहायचं नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या १९९० च्या संहितेत त्याची त्रिज्या किमान दीड किलोमीटर होती, २०१४ मध्ये संहिता बदलली तेव्हा ती १ किलोमीटरवर आली. दुसरं ५ किलोमीटरपर्यंतचं. तिथं वस्तीची नैसर्गिक वाढ चालते, पण नवे कारखाने, मोठ्या वसाहती आणून माणसांची गर्दी वाढवायची नाही. तिसरं १६ किलोमीटरपर्यंतचं आणीबाणी नियोजनाचं. तिथल्या लोकांना इशारा कसा द्यायचा, कुठल्या रस्त्यानं न्यायचं, थायरॉइड ग्रंथीचं रक्षण करणाऱ्या आयोडीनच्या गोळ्या कुठं ठेवायच्या, हे आधी ठरवायचं. लहान भट्ट्यांसाठी पहिलं रिंगण अर्ध्या किलोमीटरपर्यंत आणण्याची चर्चा दिल्लीत चालू आहे.

जमिनीच्या भाषेत याचा अर्थ काय? १ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात सुमारे ७७६ एकर बसतात, अर्ध्या किलोमीटरच्या वर्तुळात १९४. त्रिज्या निम्मी झाली की जमीन पाऊण हिश्श्यानं कमी लागते. कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात, जिथं वारसांच्या वाटण्या होऊन ऊसशेती गुंठ्यांवर आली आहे, तिथं हा फरक कित्येक खातेदारांच्या आयुष्याचा आहे. धरणग्रस्तांच्या तीन-तीन पिढ्या सातबाऱ्यासाठी हेलपाटे घालताना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांनी या मुद्द्याकडे दुर्लक्ष करू नये. म्हणून वर्जित क्षेत्र लहान करणं मला मुळातच गैर वाटत नाही.

पण जे लोक या बदलामुळे विस्थापित होणार नाहीत, ते जातात कुठं? ते अर्ध्या आणि एका किलोमीटरच्या मधल्या पट्ट्यात राहतात. जुन्या नियमात त्यांची जमीन गेली असती आणि मोबदला मिळाला असता. नव्या नियमात जमीन राहते, मोबदला नाही, आणि भट्टी अंगणाजवळ येते. त्यांच्यासाठी आणीबाणीचं नियोजन अधिक काटेकोर हवं. तेही आखडतं घेतलं तर या लोकांच्या पदरात काहीच पडत नाही.

अंतर कमी करण्यामागचं शास्त्र प्रामाणिकपणे मांडायला हवं. भट्टीतला किरणोत्सारी साठा साधारण तिच्या औष्णिक क्षमतेच्या, म्हणजे ती किती उष्णता निर्माण करते त्याच्या प्रमाणात असतो. ५५ मेगावॅट विजेच्या भट्टीत मोठ्या भट्टीच्या पंधराव्या-विसाव्या हिश्श्याइतकंच बाहेर पडण्यासारखं द्रव्य असतं. भट्टी बंद केल्यावरही इंधन गरम राहतं. बंद केल्याच्या क्षणी मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के, दिवसभरानं अर्ध्या टक्क्याच्या आसपास. २०११ च्या त्सुनामीनंतर जपानच्या फुकुशिमा अणुकेंद्रात याच उरलेल्या उष्णतेनं घात केला, कारण वीज गेली आणि पंप थांबले. लहान भट्टीत ही उष्णताच थोडी असते, म्हणून अनेक रचनांमध्ये ती पंपाविना, पाण्याच्या नैसर्गिक अभिसरणानं आणि गुरुत्वाकर्षणानं काढून नेता येते. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आठवा. पाणी ठरावीक पातळीला आलं की ते आपोआप उघडतात, कुणी बटण दाबावं लागत नाही. शाहू महाराजांच्या काळात आकाराला आलेल्या त्या धरणाला यामुळे मोठंच संरक्षण मिळालं आहे. तरीही दरवाजा उघडला की भोगावती काठच्या गावांना इशारा जातोच. दरवाजे आपोआप उघडतात म्हणून खालच्या गावांची यादी कुणी फाडून टाकली नाही.

अंतर आणि क्षमता यांचं नातं कसं असावं याचा पहिला ठोकताळा १९५० चा आहे. भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड टेलर यांच्या अध्यक्षतेखालच्या, अणुभट्ट्यांची सुरक्षितता पाहणाऱ्या अमेरिकी समितीनं सूत्र दिलं होतं: औष्णिक क्षमता किलोवॅटमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला शंभरानं भागा, तितके मैल भट्टीभोवती मोकळे ठेवा. ३,००० मेगावॅट उष्णतेच्या भट्टीला यातून १७ मैल, म्हणजे जवळपास २८ किलोमीटर येतात. २०० मेगावॅट उष्णतेच्या भट्टीला साडेचार मैल, ७ किलोमीटर. क्षमता पंधरा पटींनी उतरली तरी त्रिज्या चौपटीनंच उतरते. ते सूत्र आज कुणी वापरत नाही, वापरावं असंही मी म्हणत नाही. पण ते का गेलं हे लक्षात घेण्यासारखं आहे. भट्टीभोवती जाड, हवाबंद आवरण बांधायची कल्पना आली, आणि मैलांच्या जागी काँक्रीट आणि पोलाद आलं. तोच धागा पकडून एका वीज कंपनीनं १९६२ मध्ये थेट न्यूयॉर्क शहरात, क्वीन्समध्ये, मोठी अणुभट्टी उभारण्याचा प्रस्ताव आणला होता. रहिवाशांचा विरोध आणि नियामकांच्या शंका यांपुढे १९६४ च्या सुरुवातीला तो मागे घ्यावा लागला.

म्हणजे आज आपण जे अंतर कमी करतो आहोत, त्याची भरपाई आवरणाच्या दर्जानं होणार आहे. मग त्या दर्जाची शहानिशा कुणी करायची? कैगा अणुवीज केंद्र आपल्याला परकं नाही, गोव्याच्या पलीकडे कारवार भागात आहे. १३ मे १९९४ रोजी तिथं बांधकाम चालू असताना आतल्या आवरणाच्या घुमटाचा भाग कोसळला. भट्टीत इंधन नव्हतं म्हणून किरणोत्साराचा प्रश्न आला नाही. रचना सुधारून काम पुरं झालं, आणि त्याच केंद्राच्या पहिल्या भट्टीनं पुढं सलग ९६२ दिवस चालण्याचा विक्रमही केला. आपले अभियंते हे काम करू शकतात. पण घुमट कोसळू शकतो, हेही त्याच जागेनं दाखवलं आहे. ज्या नियमात अंतर काँक्रीटच्या भरवशावर कमी होतं, त्या नियमात काँक्रीटचे तपासणी अहवाल गोपनीय राहून चालणार नाहीत.

अमेरिकेच्या अणुनियामक आयोगानं २०२३ च्या अखेरीला लहान भट्ट्यांसाठी नवा नियम केला. सरसकट १० मैलांऐवजी आता हिशेब मांडायचा: अपघात झाल्यापासून ९६ तासांत माणसाला किरणोत्साराची १० मिलिसिव्हर्टपेक्षा (सिव्हर्ट हे या मात्रेचं माप) जास्त मात्रा कुठवर मिळू शकते? तेवढंच क्षेत्र आणीबाणी नियोजनाचं. हिशेबात ते कुंपणाच्या आतच संपलं, तर बाहेरच्या लोकांसाठी वेगळा आराखडा बंधनकारक राहत नाही. आपल्याकडेही याच पद्धतीचा आग्रह धरला जाणार हे उघड आहे. पद्धत तर्कशुद्ध आहे, हे मी मान्य करतो. मात्र सगळं उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून आहे, हिशेबात कोणते अपघात धरले यावर. एका आवारात सहा लहान भट्ट्या असतील आणि एकाच पुरानं सहांची वीज गेली तर काय होतं, हे धरलं का? फुकुशिमात एकाच आवारातल्या तीन भट्ट्या वितळल्या, कारण त्सुनामीची लाट सगळ्यांवर एकच होती. वापरलेलं इंधन वर्षानुवर्षं आवारातल्या तलावात राहतं, ते धरलं का? घातपात धरला का? भट्टी विकणारी किंवा चालवणारी कंपनी स्वतः हा हिशेब मांडते. तो सादर झाला की सामान्य माणसाला दिसतं ते फक्त शेवटचं उत्तर, किलोमीटरमधला एक आकडा.

भूकंपाचं उदाहरण आपल्या दारातलं आहे. दख्खनचं पठार स्थिर, असं समजलं जात होतं. ११ डिसेंबर १९६७ ला कोयना हादरली, दीडशेहून जास्त माणसं गेली. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत जवळपास दहा हजार बळी गेले, आणि तो भाग तेव्हाच्या नकाशावर भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याचा मानला जात होता. नकाशे चांगल्या शास्त्रज्ञांनीच केले होते.

कोल्हापूरला जुना निकष लावून पाहिला तर एक गंभीर गोष्ट समोर येते. १९९० च्या संहितेत वस्तीबद्दल इष्ट अटी होत्या: १० किलोमीटरच्या आत दहा हजारांवरचं गाव नको, ३० किलोमीटरच्या आत लाखावरचं शहर नको, १० किलोमीटरच्या आतली लोकसंख्येची घनता राज्याच्या सरासरीच्या दोन तृतीयांशाहून कमी हवी. २०११ च्या जनगणनेत राज्याची घनता चौरस किलोमीटरला ३६५ होती, म्हणजे मर्यादा २४३ च्या आसपास. जिल्ह्याची घनता ५०४. कोल्हापूर शहर साडेपाच लाखांचं, इचलकरंजी पावणेतीन लाखांच्या पुढे. दोन्ही शहरांभोवती ३० किलोमीटरची वर्तुळं काढली की करवीर, हातकणंगले, शिरोळ, कागल, पन्हाळा यांचा बहुतेक भाग बाद होतो. जिथं कारखाने आहेत तिथं भट्टी बसत नाही. उरतात शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड. म्हणजे सह्याद्रीचा माथा, राधानगरीचं अभयारण्य, २०१२ पासून जागतिक वारशात असलेलं जंगल.

आणि नद्यांची उगमस्थानं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, दूधगंगा, वेदगंगा इथंच जन्मतात. नियमातलं रिंगण वर्तुळाकार असतं, जणू किरणोत्सार सगळ्या दिशांना सारखा जाणार आहे. पाणी तसं वागत नाही. गगनबावड्याकडच्या एखाद्या ओढ्यात पडलेली गोष्ट कुंभीतून पंचगंगेत, पंचगंगेतून नृसिंहवाडीला कृष्णेत जाते, आणि त्या वाटेवर प्यायचं पाणी उचलणारी गावं आणि शहरं १६ किलोमीटरच्या कितीतरी बाहेर आहेत. माणसांची गर्दी टाळण्यासाठी केलेला नियम भट्टीला नेमका तिथं नेऊन ठेवतो, जिथलं पाणी सगळी गर्दी पिते. आपल्या खोऱ्यांसाठी रिंगण नदीच्या वाटेनं लांबवलं पाहिजे, खालच्या प्रत्येक उपसा केंद्रापर्यंत. ही मागणी अणुभट्टी नको म्हणणाऱ्यांनी आणि हवी म्हणणाऱ्यांनी दोघांनीही करायला हवी.

पाण्यानंतर दूध. या जिल्ह्याचा संसार उसाइतकाच दुधावर चालतो. १० ऑक्टोबर १९५७ रोजी इंग्लंडमध्ये विंडस्केलच्या एका भट्टीला आग लागली. ती वीज बनवणारी नव्हती, अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम करणारी होती, हवेनं थंड होणारी होती, आणि तिला आजच्यासारखं आवरण नव्हतं. तेव्हा तिची आजच्या भट्ट्यांशी सरळ तुलना करणं अन्यायाचं ठरेल. पण औष्णिक क्षमतेनं ती लहानच होती, १८० मेगावॅट. त्या आगीनंतर गावं रिकामी करावी लागली नाहीत. करावं लागलं ते असं: सुमारे ५०० चौरस किलोमीटरमधल्या गोठ्यांचं दूध काही आठवडे ओतून टाकलं. आयोडीन-१३१ गवतावर बसतं, गाय ते गवत खाते, एकदोन दिवसांत ते दुधात उतरतं आणि दूध पिणाऱ्या पोरांच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठतं. आठ दिवसांत ते निम्मं होतं, म्हणून दूध काही काळ थांबवलं तर मोठा धोका टळतो. वेळेत थांबवलं तर. १९८६ च्या अणुभट्टी अपघातानंतर चेर्नोबिलच्या आसपास पुष्कळ ठिकाणी ते वेळेत थांबवलं गेलं नाही, आणि लहानपणी ते दूध प्यायलेल्या हजारो जणांना पुढं थायरॉइडचा कर्करोग झाला.

आपल्याकडे गावोगावच्या संस्थांत सकाळ-संध्याकाळ दूध गोळा होतं, काही तासांत शीतकरण केंद्रावर, तिथून दूध संघाच्या टँकरमधून मुंबई-पुण्याला. एका म्हशीचं दूध रात्रीपर्यंत हजार म्हशींच्या दुधात मिसळलेलं असतं. संशय आला तर कुठल्या गावाचं संकलन थांबवायचं, हे तासाभरात ठरवता आलं पाहिजे. पावसाळ्यात इथं वारा नैऋत्येकडून, म्हणजे घाटमाथ्यावरून करवीरकडे वाहतो, आणि पाऊस हवेतलं सगळं जमिनीवर आणतो. फुकुशिमापासून ४० किलोमीटरवरचं इटाटे गाव पाऊस आणि बर्फामुळेच दूषित झालं आणि २० किलोमीटरच्या रिंगणाबाहेर असूनही रिकामं करावं लागलं. अमेरिकेत मोठ्या केंद्रांसाठी अन्न-दुधाच्या नियंत्रणाचं क्षेत्र ५० मैलांचं आहे. राधानगरीत बसून ५० मैलांचं वर्तुळ काढलं तर जवळपास अख्खा कोल्हापूर जिल्हा आत येतो.

आता माणसं हलवण्याचं बघू. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला. केर्लीजवळ रत्नागिरीचा रस्ता बंद, बालिंग्याचा पूल बंद, घाटात दरडी. कोल्हापूर बेट झालं. पेट्रोल संपलं, प्यायच्या पाण्याचे हाल झाले. नौदलाच्या बोटी आल्या, पण त्याआधी गावातल्या तरण्या पोरांनी गुळाच्या काहिलीत बसवून माणसं काढली. अणुभट्टीचा आणीबाणी आराखडा कोरड्या मार्च महिन्यातल्या नकाशावर करून भागणार नाही. भट्टीची बाहेरची वीज तोडणारी आपत्ती आणि रस्ते तोडणारी आपत्ती इथं एकच असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. रस्ता बंद असेल तर माणसांना घरातच, दारं-खिडक्या लावून, किती तास ठेवायचं? गोळ्या गावात आधीच असतील की जिल्ह्याच्या कोठारात? कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातल्या किती डॉक्टरांना किरणोत्साराच्या रुग्णाला हाताळण्याचं प्रशिक्षण मिळालं आहे? कुंपणाबाहेर आराखड्याची गरज नाही असा हिशेब मंजूर झाला, तर हे प्रश्न विचारायचा अधिकारच कुणाला राहणार नाही.

५ किलोमीटरच्या मधल्या रिंगणाचं दुखणं वेगळं आहे. भट्टी साठ वर्षं चालते, आणि तिच्याभोवतीची वस्ती साठ वर्षं आवरून धरावी लागते. हे काम नियामक मंडळाचं नाही, ते ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगररचना विभाग आणि प्राधिकरण यांच्या हातात असतं. कोल्हापूरची महापालिका १९७२ ची, शहराची हद्दवाढ हा तेव्हापासून न सुटलेला वाद, आणि त्यावर तोडगा म्हणून २०१७ मध्ये ४२ गावांचं प्राधिकरण आलं. एका बाजूला रस्ता झाला की दुसऱ्या बाजूला गुंठेवारी सुरू होते, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. उद्योगासाठीच आणलेल्या भट्टीभोवती तर कारखाने आणि कामगारवस्त्या ओढल्याच जाणार. म्हणून हे क्षेत्र परवाना मिळण्याआधी विकास आराखड्यात कायद्यानं बसवलं पाहिजे, आणि ज्यांच्या जमिनीवर साठ वर्षं बंधन येणार त्यांना त्याचा वार्षिक मोबदला भट्टीच्या उत्पन्नातून मिळाला पाहिजे. फुकटचं बंधन कुणी पाळत नाही. पूररेषेचं तेच झालं.

नियामकाबद्दल एक गोष्ट समाधानाची आहे. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून आहे, पण ते ज्या यंत्रणेवर लक्ष ठेवतं तिच्याच छत्राखाली होतं. महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये त्यावर नेमकं बोट ठेवलं होतं. नव्या ‘शांती’ कायद्यानं मंडळाला वैधानिक दर्जा दिला. त्याच कायद्यात भट्टी चालवणाऱ्यानं द्यायच्या अपघात भरपाईची मर्यादा मात्र भट्टीच्या आकारानुसार उतरते: सर्वांत मोठ्यांना ३,००० कोटी, सर्वांत लहानांना १०० कोटी. जिल्ह्याचं दूध आठवडाभर थांबवायची वेळ आली तर १०० कोटी किती दिवस पुरतील, याचं गणित दूध संघांनी आपल्या आकड्यांवर करून पाहावं आणि जाहीर करावं.

हे सगळं जागा ठरेपर्यंत थांबवायचं कारण नाही. गगनबावड्यापासून जैतापूरच्या नियोजित अणुवीज प्रकल्पाची जागा सरळ रेषेत ६० किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे दुधाच्या ५० मैलांच्या हिशेबात कोल्हापूर जिल्ह्याचा पश्चिम भाग आधीच बसतो. आज इथल्या दुधात, पाण्यात, मातीत नैसर्गिक किरणोत्सार किती आहे, याची गावनिहाय नोंद शिवाजी विद्यापीठ आणि दूध संघ मिळून सुरू करू शकतात. भट्टी चालू झाल्यावर ही नोंद घेता येत नाही, कारण तुलनेला आधीचं काही उरत नाही. आणि फाउंड्री उद्योजकांनी, ज्यांच्या पैशावर आणि ज्यांच्या नावावर अशी भट्टी उद्या मागितली जाईल, त्यांनी पहिल्या बैठकीतच कंपनीकडे तो ९६ तासांचा हिशेब मागावा: पूर्ण, मराठीत, कोणते अपघात धरले आणि कोणते सोडले यासकट, ग्रामसभेत वाचता येईल असा.